आगीवर वसलेलं रिठद

मु. रिठद, तालुका वाशीम
६ फेब्रुवारी १९४४

दोस्त दिलावर,

उकंडरावचा रामराम. तुही अम्मी अन् तुही घरवाली, लतीफाभाबी, माह्या दोन्ही बाजूले बसून मी काय लिहतो ते पाहून राह्यल्या. वाचता येत नाई, पन शाई किती खर्च केली ते त्याइले बरोबर समजते. म्हनून थोडं जास्तच लिहतो.

घरचे सारे खुशाल हायेत. अम्मी अजून बांगड्यांचं गाठोडं पाठीवर घेऊन गावात फिरते. मी म्हनलं, "हुस्नाचाची, आता बसा घरी, पोरगा मिलिटरीतून पैसे धाडते ना." तर म्हने, "मी घरी बसली तर गावातल्या पोरींच्या हातात बांगड्या कोन भरन?"

आता माही गोष्ट. मागच्या उन्हाळ्यात गावात पटकी आली, तवा तू तिकडे जहाजात होता. दोन्ही हिरी चैतातच आटल्या होत्या, अन् लोक नाल्यातल्या डबक्याचं पानी पीत होते. एकाच आठवड्यात माही माय गेली अन् तुही बहीन अन्वरी गेली. ते तुले पत्रानं समजलंच. पन तुले हे सांगतलं नाई, की अन्वरीले माती देऊन परत येताना मी ठरवलं, की पुढच्या उन्हाळ्यात या गावानं डबक्याचं पानी प्याचं नाई.

म्हनून माह्या नाल्याकाठच्या वावरात हीर सुरू केली. माह्यासाठी नाई, गावासाठी. वर काळी माती, मंग पांढरा मुरूम, दिवाळीपासून काम झपाट्यानं चाललं. सारं गाव पाह्याले येत होतं. अन् संक्रातीले खडक लागला. काळा, सलग, कुठं भेग नाई. पहार मारली का उलटी उडते अन् हाताले झिनझिन्या येतात. मदनसिंग, मानोऱ्याकडच्या तांड्यातला, त्याची टोळी खोदते. तो म्हनतो, "उकंडभौ, या दगडाले तळ नाई." पाटील दौलतराव पारावर बसून म्हनतात, "उकंड्यानं गावासाठी कोरडी खाई खोदली."

तू वाशीमच्या जिनिंगची लॉरी सोडून इतके मुलूख पाहून राह्यला. असा खडक कुठं पाह्यला काय? त्याच्या खाली काय असते, कोनाले माहीत असन तर इचारून लिहजो.

तुहा,
उकंडराव

•

इटली
२७ मार्च १९४४

उकंडभौ,

तुहं पत्र मले ज्या दिवशी भेटलं, त्या दिवशी मी वाचलंच नाई. खिशात घातलं अन् गाडी चालू केली. काहून, ते सांगतो.

गावांची नावं लिहाले आमाले मनाई हाये. पन त्या डोंगराचं नाव साऱ्या जगाच्या पेपरात आलं, म्हनून तेवढं लिहतो. वेसुवियस. आमच्या तळावरून रोज दिसे, माथ्यावर थोडा धूर, जशी कोनाची चूल. लोक त्याच्या अंगाखांद्यावर द्राक्षाचे मळे लावून राह्यतात. नऊ दिवसांआधी, शनिवारी, तो डोंगर फुटला.

हुकूम आला, साऱ्या लॉऱ्या डोंगराखालच्या गावात न्या अन् मानसं काढा. मी वर गेलो तर रस्त्याच्या टोकाले एक भिंत उभी. घराएवढी उंच, काळी, अन् फटीफटीतून लाल. ती भिंत चालत होती, उकंड. पान्यासारखी वाहत नव्हती. गाभन म्हैस चालते त्याच्यापेक्षा बी हळू, पन थांबत नव्हती. वरून ढेकळं घरंगळत खाली पडत अन् आवाज कसा, तर अम्मीचं अख्खं गाठोडं फरशीवर आपटावं तसा. मंग ती एका घराले टेकली. घर थोडा येळ उभं राह्यलं. भिंतीले भेग गेली, छप्पर वाकलं, अन् ते घर तिच्या आत गेलं. घरवाली बाई माह्या लॉरीत बसून पाहत होती. रडली नाई. फक्त हातातली किल्ली तिनं पोटाशी धरली.

दोन दिवस आमी लोकं वाहले. लेकरं, बुढ्या, शेळ्या, देवाची मूर्ती. वरून राख पडत होती, दिवसा दिवे लावून गाडी चालवली. एक बुढा होता, विन्चेंझो, तो काही केल्या घर सोडेना, त्यालेबी आनलं.

आता तुह्या खडकाचं. आग थांबल्यावर मी त्या भिंतीपाशी गेलो. वरचा थर निवला होता. एक तुकडा फोडून पाह्यला. तो आपलाच दगड होता. तोच काळा रंग, तेच वजन. आपल्या शाळेच्या पायऱ्या, मारोतीचा पार, सारं ज्या दगडाचं हाये, तो.

आमच्या छावनीत सफरमैनाचा हवालदार हेमसिंग हाये, पूल बांधनारा, त्याले इचारलं. तो म्हने, "तुमचा सारा मुलूख अशाच आगीनं बनला. तिकडे असा एक डोंगर नव्हता, जमिनीले कोसकोस लांब भेगा पडल्या अन् त्यातून आग बाहेर आली, थरावर थर."

म्हनजे तुह्या हिरीच्या तळाशी जो खडक हाये, तो आगीचा हाये. आपन लहानपनापासून आगीवर बसलो हाओत अन् आपल्याले माहीतच नाई. हे साऱ्या गावाले वाचून दाखवजो.

खोदत राह्य.

दिलावर

•

रिठद
१९ एप्रिल १९४४

दिलावर,

तू हे काय लिहलं, लेका.

तू म्हनला साऱ्या गावाले वाचून दाखव, मी पारावर बसून वाचून दाखवलं. चालत्या भिंतीपर्यंत लोक तोंड उघडं टाकून ऐकत होते. मंग मी वाचलं, "आपन आगीवर बसलो हाओत." अन् पार रिकामा झाला.

दुसऱ्या दिवशी मदनसिंगची टोळी हिरीत उतरलीच नाई. घन, पहारी, टोपले, सारं तळाशी तसंच पडलं हाये. मदनसिंग म्हने, "भौ, दगड फोडाले मी भीत नाई. पन खाली आग असन तर माह्या लेकरांचं कसं?" माही आत्या सोजरबाई, तुले माहीत हाये तिचा आवाज, ती हिरीच्या काठावर हळद-कुंकू वाहून आली अन् दारोदार सांगत फिरली, की धरतीमायचं झाकन उकंड्यानं उघडलं. दुपारच्या वाऱ्यानं हिरीतून धूळ उडाली, तर चार जनाइनं धूर पाह्यला. दौलतराव पाटलांनी निरोप धाडला हाये, की अक्षय्यतृतीयेच्या आत हीर बुजव, नाई तर गाव बुजवन.

मी लोकाइले सांगतलं, ती आग तिकडे हाये, इथं नाई. तर म्हनतात, दिलावर खोटं लिहते काय? आता मी काय उत्तर देऊ? तू खोटा म्हनू का खरा म्हनू, दोन्हीकडून माहीच हीर बुजते.

गावातली एक हीर आटली. दुसरीत सकाळी दोन घागरी पानी असते, त्याच्यावर भांडन. बाया परत डबक्याकडे चालल्या. मी रोज त्या वाटेवर उभा राहतो अन् सांगतो, उकळून प्या. सरपन कुठून आनतील?

आनखी एक. तुही अम्मी पारावर मांगं बसून सारं ऐकत होती. ती भ्याली नाई. घरी येऊन तिनं मले इचारलं, "उकंड, त्यानं लेकरं काढली, शेळ्या काढल्या, बुढा काढला, सारं लिहलं. तो स्वतः कुठं होता ते काहून नाई लिहलं?" मी परत पत्र वाचलं. खरंच नाई लिहलं. शेवटच्या पानावर तुहं अक्षर बी तुहं वाटत नाई.

लवकर लिह. साधं लिह.

उकंडराव

•

इटली, मिलिटरी दवाखाना
५ मे १९४४

उकंडभौ,

माह्या एका वाक्यानं तुही हीर थांबली, हे वाचून दोन दिवस जेवन गोड लागलं नाई. पहिले तेच नीट करतो. हे पहिलं पान पारावर वाच, अन् हळू वाच.

आपल्या गावाखालची आग निवली. काल-परवा नाई. शिरपूरच्या देवळाचा पहिला दगड बसवला त्याच्या आधी, मानूस या धरतीवर आला त्याच्या बी आधी. इतकी जुनी, की हेमसिंगले मी किती वर्षं झाली असं इचारलं तर त्यानं आकडा सांगतला नाई, फक्त हात हलवला. चुलीतला इस्तो सकाळी राख होते, मंग त्या राखेले कोनी भीत नाई. आपला खडक म्हनजे ती राख समजा. ज्या काळ्या मातीत आपली कपाशी येते, ती बी त्याच खडकाची झिजून झालेली माती हाये. आग नसती आली तर आपलं वावरच नसतं.

आता माह्याबद्दल. विन्चेंझो बुढा घर सोडत नव्हता ते लिहलं. मी त्याले खांद्यावर टाकून काढलं. निघताना वरून एक जळतं ढेकूळ घरंगळत आलं अन् डाव्या हाताले लागलं. कोपरापासून बोटापर्यंत कातडी गेली. मंग ताप चढला, म्हनून मागचं पत्र अर्धं मी सांगतलं अन् सोबतच्या साताऱ्याच्या ड्रायव्हरनं लिहलं. आता जखम भरत आली, बोटं हलतात. हे मात्र अम्मीले सांगू नको.

त्या हातानंच तुह्या हिरीचं उत्तर आनलं. विन्चेंझो मले रोज भेटाले येते, संत्री घेऊन. मले त्याची भाषा अर्धी समजते, बाकी अर्धी तो हातानं बोलते. मी त्याले कागदावर तुही हीर काढून दाखवली अन् खडकावर फुली मारली. तो उठला अन् मले धरून त्याच्या आजोबानं घरासाठी जिथून दगड काढला त्या खानीवर घेऊन गेला. खान म्हनजे डोंगराचा उभा काप. काय दिसलं ते नीट ऐक.

वर काळा सलग दगड, तुह्यासारखाच. त्याच्या खाली विटेसारख्या लाल मातीचा पट्टा. त्याच्या खाली पुन्हा दगड, पन हा जाळीदार, भाकरी फुगून आतून दिसते तसा. अन् त्या जाळीतून पानी झिरपत होतं. बुढ्यानं ओंजळ धरून मले पाजलं.

मंग त्यानं समजावून सांगतलं. एकदा आग वाहून येते अन् निवते. निवताना तिच्या आतली हवा वर येते, म्हनून वरचा भाग जाळीदार होते. मंग कितीतरी पिढ्या काहीच होत नाई. पाऊस पडते, दगडाची माती होते, गवत उगवते. मंग पुन्हा आग येते अन् त्या मातीवरून वाहते. माती भाजून लाल होते अन् दोन दगडांच्या मध्ये दाबल्या जाते. म्हनून थरावर थर.

तुहा खडक जर तसाच असन, तर त्याच्या खाली लाल माती असन, अन् तिच्या खाली जाळी. मी कुरानावर हात ठेवून सांगत नाई. पन आपल्या इकडे बी नाल्यानं कुठं ना कुठं जमीन कापली असन. तिथं जाऊन पाह्य.

पहारीनं हा दगड हटनार नाई. वाशीमले सैफुद्दीन मामूले भेट. त्याच्यापाशी खानीच्या सुरुंगाचा परवाना हाये. म्हन, दिलावरनं धाडलं.

दिलावर

•

रिठद
२७ मे १९४४

दिलावर,

पाटलाची अक्षय्यतृतीया निघून गेली, पन भेवानं बुजवाले बी कोनी हिरीपाशी गेलं नाई, ती तशीच उघडी राह्यली. तुहं पत्र आलं तवा मी घरात नव्हतो. अम्मीनं पोस्टमनकडून घेतलं अन् मी येताच म्हनली, "वाच." मी वाचत गेलो. विन्चेंझोले खांद्यावर घेतलं, ढेकूळ आलं, हाताची कातडी गेली, सारं वाचलं, अन् मंग समोर आलं, "अम्मीले सांगू नको." मी थांबलो. ती म्हनली, "पुढचं वाच. आता लपवाले काय राह्यलं?" सारं ऐकून झाल्यावर तिनं एवढंच इचारलं, "बोटं हलतात असं लिहलं ना?" मी म्हनलं, हो. तिनं बांगड्यांचं गाठोडं उचलून खाटेखाली सारलं, डोक्यावरचा पदर घट्ट केला अन् म्हनली, "चाल हिरीवर."

सारं गाव मांगं आलं. अम्मी काठावर उभी राह्यली अन् मदनसिंगले म्हनली, "पाटाले चार दोर बांध. मले खाली सोड." मदनसिंग माह्याकडे पाहे, मी अम्मीकडे. मी म्हनलं, "चाची, मी उतरतो." ती म्हनली, "तू उतरला तर म्हनतील, याची तर हीरच हाये. आगीची गोष्ट माह्या पोरानं लिहली. ती खरी हाये का खोटी, ते मीच पाह्यन."

सहा जनाइनं दोर धरला. ती पाटावर मांडी घालून बसली अन् खाली गेली, एका हातानं दोर धरून, डोळे उघडे ठेवून. लतीफाभाबी माह्या बायकोचा हात धरून उभी होती. तळाशी पोचल्यावर अम्मी पाटावरून उतरली, खडकावर दोन्ही पंजे टेकवले, मंग गाल टेकवला. तसाच ठेवला. मंग वर पाहून म्हनली, "ओ सोजरबाई, थंड हाये. तुह्या माठापेक्षा थंड हाये. वर एवढं ऊन, मी आता इथंच बसते."

पहिले एक बाई हासली, मंग सारेच. मदनसिंगनं धोतर खोचलं अन् अम्मीले वर घ्यायच्या आधीच दोराले धरून खाली उतरला.

मंग तू सांगतलं तसं मी नाल्यानं खाली गेलो. आपन लहानपनी जिथून डोहात उड्या मारत होतो ती धार, तो नाल्यातला उभा कडा, तुले आठवत असन. पावसाळ्यात तिथं पानी पडते, आता कोरडी हाये. हजारदा गेलो असन तिथं, पन धारेच्या खाली उभं राहून तिच्याकडे कधी पाह्यलं नव्हतं. दिलावर, ती धार म्हनजे माह्या हिरीतलाच खडक. तीन पुरुष जाड, तीन मानसं एकावर एक उभी राह्यतील एवढा. त्याच्या खाली लाल पट्टा, गेरूवानी. अन् लाल पट्ट्याच्या खाली जाळीदार दगड, त्याच्यावर हिरवं शेवाळ. वैशाखातल्या दुपारी शेवाळ. मी बोट घातलं तर ओलं.

मंग समजलं, तिथं धार काहून झाली. खालचा मऊ दगड पान्यानं खाल्ला, वरचा कडक राह्यला. आपले डोंगर पाह्य, सपाट माथ्याचे, पायऱ्यापायऱ्याचे. ते बी असेच झाले असतील. कडक थराची पायरी उभी राहते, मऊ थराचा उतार होते. आपन त्या पायऱ्यांवर बकऱ्या चारत मोठे झालो.

सैफुद्दीन मामू तुहं नाव ऐकताच सुरुंगाची दारू घेऊन गाडीत बसले. पहिला सुरुंग उडाला तवा सोजरआत्या घरात जाऊन बसली, दुसऱ्याले दारात आली, तिसऱ्याले काठावर. मलबा वाहाले बाया आल्या. सगळ्यात आधी आली महारवाड्यातली रुपाबाई. तिचा पोरगा मागच्या पटकीत गेला. तिनं कोनाले इचारलं नाई, टोपलं उचललं अन् लागली कामाले. तिले पाहून बाकीच्या आल्या.

काल खडक संपला. खाली लाल माती लागली, तू लिहली तशी. सारे नाचले. मदनसिंगनं मूठभर वर धाडली. मी हातात घेऊन चोळली. ती तिखटावानी कोरडी हाये. ओलाव्याचं नाव नाई. दौलतराव येऊन पाहून गेले, म्हनले, "उकंडराव, आता पुरे. तू कोशिस केली, गाव पाहून राह्यलं." पहिल्यांदा मले उकंडराव म्हनले, तेबी थांब म्हनन्यासाठी.

मी थांबत नाई. धारेखाली शेवाळ लाल पट्ट्यात नव्हतं, त्याच्या खाली होतं. तुह्या उत्तराची वाट पाह्याले आता येळ नाई.

उकंडराव

•

इटली
३० मे १९४४

उकंडभौ,

तुहं पत्र अजून आलं नाई, पन मले राहवत नाई म्हनून लिहतो. आमाले उद्या पुढे, उत्तरेले जायचं हाये. हात बरा हाये, परत स्टेरिंग धरलं.

काल हेमसिंगशी बोललो. तो म्हने, लाल मातीखाली पानी असतेच असं नाई. कुठं जाळी मातीनं बुजलेली असते, कुठं पानी दुसरीकडे निघून जाते. त्यानं एका गावात लाल थर फोडून बी कोरडी हीर पाह्यली. मी तुले एका बुढ्याच्या ओंजळभर पान्यावरून लिहून टाकलं, अन् तू माह्या शब्दावर अख्खं गाव कामाले लावलं असन.

लाल माती कोरडी लागली तर थांब. तुही तब्येत, तुहं वावर, सारं त्या खड्ड्यात टाकू नको. लोक हासतील तर हासू दे. मी आल्यावर दोघं मिळून दुसरीकडे पाहू.

अम्मीले सांग, मी पोटभर जेवतो.

दिलावर

•

रिठद
११ जून १९४४

दिलावर,

तुहं थांब म्हननारं पत्र काल आलं. ते मी हिरीच्या काठावर, ओल्या पायानं वाचलं.

आता तुले साऱ्या गोष्टी क्रमानं सांगतो, नाई तर मीच गडबडून जाईन.

लाल माती एक पुरुषभर निघाली. रोज कोरडी. टोळीतले दोघं तांड्याकडे परत गेले. बाया मात्र येत राह्यल्या. रुपाबाई म्हनली, "आता अर्ध्यावर टोपलं ठेवलं तर माह्या पोराले काय सांगू?" मी तिच्या मांगं टोपलं घेऊन उभा राह्यलो.

सोमवारी लाल माती संपली अन् पहार दगडाले लागली. पन आवाज बदलला. वरच्या खडकाचा आवाज टन्न असा होता, हा भरड, पोकळ. मदनसिंगनं तुकडा वर धाडला. सारा भोकाभोकाचा, अन् काही भोकात पांढरे चमकते खडे, साखरेवानी. दुसऱ्या सकाळी मामूनं शेवटचा सुरुंग लावला. धूर बसल्यावर मदनसिंग उतरला. आमी वरून पाहतो तर तो वाकून काही करेना, नुसता उभा. मी हाक मारली, "काय झालं?" मंग त्यानं पहार उचलून भेगेत घातली अन् जोर लावून उचकटली.

पानी आलं, दिलावर. झिरपत नाई आलं. तळाच्या एका कोपऱ्यातून मनगटाएवढी धार उसळली, जसं खाली कोनी दाबून धरलं होतं अन् हात काढला. मदनसिंगच्या घोट्याले लागलं, मंग गुडघ्याले. त्यानं दोन्ही हातानं पानी तोंडावर घेतलं, पेलं, अन् मंग म्हनला, "ओढा मले, नाई तर बुडतो." घन, पहारी, टोपले खालीच राह्यले. आता ते कोनाले नको.

तासाभरात पानी मानसाच्या वर चढलं. दुसऱ्या दिवशी लाल मातीच्या वर. आता काळ्या खडकाच्या अर्ध्यावर येऊन थांबलं हाये. आभाळ अजून कोरडं हाये, एक ढग नाई. हे पानी आभाळाचं नाई, हे सारं गाव समजून हाये.

रिठदमध्ये काय झालं ते तू पाह्याले पायजे होतं. पोट्टे काठावर पालथे पडून खाली पाहत होते. बुढे एकमेकाइले सांगत होते, की त्याइनं आधीच म्हनलं होतं. सैफुद्दीन मामूनं रुमाल डोक्यावर टाकला अन् तिथंच काठावर नमाज पढली. सोजरआत्यानं नारळ फोडला, अन् अर्धा मामूसाठी बाजूले ठेवला.

मंग खरी गोष्ट झाली. पहिली घागर कोन काढन. दौलतराव म्हनले, पहिले पूजा होईन, मंग आपले लोक भरतील, अन् महारवाड्याले आपले पोट्टे वरून पानी वाढतील, जसं रीतीनं होते. मले बोलायचं होतं. जमीन माही, हीर माही, शब्द माह्या तोंडात होता. पन अम्मी माह्या आधी पुढं झाली. तिनं रुपाबाईचं मनगट धरलं. याच हातात तिनं कधी काळी लग्नाचा चुडा भरला होता. तिले काठापाशी आनलं अन् दोर तिच्या हातात देला. म्हनली, "हिनं दगड उचलला तवा कोनी जात इचारली नाई."

पाटील माह्याकडे पाहून राह्यले. मी म्हनलं, "हीर गावाची हाये. ज्याची तहान, त्याचा दोर. कोनाले पटत नसन त्याच्यासाठी डबकं मोकळं हाये."

रुपाबाईनं घागर सोडली. ओढताना तिनं कोनाले हात लावू देला नाई. घागर काठावर ठेवली, ओंजळ भरली, पेली. अन् मंग तिच्या मांगं कोन उभं राह्यलं सांगू? सोजरआत्या. डोक्यावर दोन घागरी. म्हनली, "सरक जराशी, रुपे, उन्हात पाय भाजून राह्यले." आत्या उभी राह्यली म्हनल्यावर रांग लागली. पाटील निघून गेले. संध्याकाळी त्यांचा गडी बैल घेऊन पान्यावर आला. मी त्याले काही इचारलं नाई, दोर देला.

या उन्हाळ्यात गावात पटकी आली नाई. मी रोज झोपताना हे एक वाक्य मनात म्हनतो.

तुहं पत्र मी अम्मीले वाचून दाखवलं. ती म्हनली, "त्याले लिह, आमी थांबलो नाई." लिहलं.

उकंडराव

•

इटली
१४ जुलै १९४४

उकंडभौ,

तुही मागची दोन्ही पत्रं संगच भेटली, रस्त्याच्या कडेले, लॉरीच्या पायरीवर बसून वाचली. वाचून झाली अन् पहिल्यापासून परत वाचली. मंग उभा राह्यलो अन् मोठ्यानं वाचली, कारन एकट्यानं ठेवून घ्यावी अशी ती पत्रंच नाईत.

आमच्या कंपनीत सारे तिकडचेच हायेत. साताऱ्याचे, नगरचे, औरंगाबादकडचे. पहिले दोघं-तिघं ऐकाले बसले. अम्मी पाटावर बसून खाली चालली तवर वीस झाले. रुपाबाईनं घागर सोडली तवा कोनी हालत नव्हतं, अन् तुही आत्या मांगं उभी राह्यली तवा असे हासले, की पलीकडचे गोरे सोल्जर पाह्याले आले. आमचा एक ड्रायव्हर हाये, महाराचा, नगर जिल्ह्यातला. कधी जास्त बोलत नाई. तो उठून माह्यापाशी आला अन् म्हनला, "ते पान मला दे, परत वाचायचं आहे." त्यानं ते उभ्यानं वाचलं, नीट घडी केली अन् परत देलं. त्या दिवशी त्यानं माही गाडी बी धुतली.

विन्चेंझोचा निरोप आला. त्याच्या गावचे लोक परत गेले. आगीच्या दगडावर, जिथं आतून अजून गरम वाफ निघते, तिथं त्याइनं घरांच्या नव्या खुना पाडल्या. त्यानं स्वतः राखेत द्राक्षाची कलमं लावली. म्हनते, दोन पिढ्यांनी इथं अशी माती होईन, की काठी रोवली तरी पालवी फुटन. त्याले तुह्या हिरीचं कळवलं हाये. आनंदानं दारू पिली असन, मी पित नाई म्हनून माह्या नावाची बी.

अन् आता ऐक, मले काय काम लागलं. माहा हात भाजला तवा ज्यानं माहं पत्र लिहलं होतं तो साताऱ्याचा ड्रायव्हर, त्यानं माह्यापुढे पोस्टकार्ड ठेवलं. म्हनला, "आमच्या गावाच्या वर कडा आहे, त्याच्या पोटात लाल पट्टा आहे. आम्ही त्याला देवीचा मळवट म्हणतो. त्याखाली उन्हाळ्यात पण मधमाश्या पाण्याला येतात. तू लिही आमच्या भावाला, तुला समजतं." मी लिहलं. मंग नगरवाला आला. मंग औरंगाबादचे दोघं. त्याइच्या गावाले बी तसेच सपाट डोंगर, तशाच पायऱ्या, तसाच नाला अन् धार.

मी प्रत्येकाले सांगतलं, की पानी लागनच असं नाई, हेमसिंगची कोरडी हीर बी सांगतली. ते म्हनतात, चालन, पन आता पाह्यचं कुठं ते तर समजलं.

आज तीन पत्रं झाली, सहा बाकी हायेत. लोक पोस्टकार्ड हातात धरून लॉरीपाशी रांगेत उभे हायेत, म्हनून तुहं इथंच आटोपतं घेतो.

दिलावर